तटस्थ गणिताचा दावा आणि लॉटरीची रचना

लॉटरीचा नवा खेळ आखताना किंवा जुन्या खेळाचे नियम बदलताना आज कोणतेही मोठे लॉटरी मंडळ कागद-पेन्सिलीच्या हिशेबावर अवलंबून राहत नाही. किती आकड्यांतून किती आकडे काढायचे, बक्षिसांच्या किती पायऱ्या ठेवायच्या, तिकीट कितीला विकायचे आणि पहिले बक्षीस कोणालाच न लागल्यास त्याची रक्कम पुढच्या सोडतीत कशी मिळवायची, हे सारे प्रश्न मॅथेमॅटिका, मेपल, मॅटलॅब यांसारख्या गणिती सॉफ्टवेअरपुढे किंवा त्याच धर्तीवर खास घडवलेल्या प्रणालींपुढे मांडता येतात आणि लक्षावधी काल्पनिक सोडती घडवून त्यांची उत्तरे थोड्या वेळात हाती येतात. या पद्धतीच्या समर्थनार्थ केला जाणारा युक्तिवाद वरकरणी निर्विवाद वाटतो. गणित कोणाचा कैवार घेत नाही, संगणक लाच खात नाही आणि जिंकण्याची शक्यता नियमावलीत छापलेली असते. तेव्हा अशा रीतीने आखलेला खेळ जुन्या खेळांपेक्षा अधिक न्याय्य, अधिक पारदर्शक आणि अधिक सुरक्षित असतो, असे त्याचे स्वरूप आहे. यातील आधारविधाने बहुतांशी खरी आहेत, परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे, आणि तो खोटा कसा हे दाखवण्यासाठी नीतिशास्त्राकडे धाव घेण्याचीही गरज पडत नाही, कारण ते काम अंकगणितच करते.

गणिती सॉफ्टवेअर काय करते आणि काय करत नाही, हे आधी स्पष्ट करून घ्यावे लागते. १ ते ४९ या आकड्यांतून क्रमाचा विचार न करता ६ आकडे निवडण्याचे १,३९,८३,८१६ प्रकार होतात. अशा निवडीला गणितात संयोजन म्हणतात, आणि एवढे उत्तर साध्या गणकयंत्रावरही निघते. सॉफ्टवेअरचे खरे काम त्यानंतर सुरू होते. आकड्यांची एकूण संख्या, तिकिटाची किंमत, बक्षिसांतील वाटणी यांसारखे घटक बदलते ठेवले जातात, त्यांच्या प्रत्येक जुळणीसाठी माँटे कार्लो पद्धतीने, म्हणजे यादृच्छिक आकडे वापरून कृत्रिम सोडती पुन्हापुन्हा घडवून, पुढच्या अनेक वर्षांची विक्री आणि बक्षिसांची वाढ अजमावली जाते, आणि अखेरीस या शेकडो जुळण्यांतून सर्वोत्तम जुळणी निवडली जाते. तटस्थतेचा दावा कोसळतो तो याच शेवटच्या पायरीवर, कारण सर्वोत्तम कशाला म्हणायचे हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. जी राशी जास्तीत जास्त किंवा कमीत कमी करायची असते तिला उद्दिष्ट फल म्हणतात, आणि ते माणसाला लिहून द्यावे लागते. तिथे राज्याचे निव्वळ उत्पन्न लिहिता येते, दीर्घकालीन विक्री लिहिता येते, किंवा नियमित खरेदीदाराचा वार्षिक तोटा विशिष्ट मर्यादेबाहेर जाऊ नये अशी अटही घालता येते; प्रणाली तिन्ही कामे सारख्याच निमूटपणे करील. म्हणजे तटस्थ आहे ती आकडेमोड, आणि जे आखले जाते ते आकडेमोडीच्या आधीच एका पक्षाच्या बाजूने ठरलेले असते. लॉटरी मंडळाची नेमणूक महसुलासाठी झालेली असल्याने तिथे कोणते उद्दिष्ट लिहिले जाते, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

अमेरिकेतील पॉवरबॉल या खेळाच्या नियमांत ऑक्टोबर २०१५मध्ये झालेला बदल या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्याआधी खेळाडूला ५९ पांढऱ्या चेंडूंतून ५ आणि ३५ लाल चेंडूंतून १ असे आकडे निवडावे लागत. बदलानंतर पांढरे चेंडू ६९ झाले आणि लाल चेंडू २६ उरले. पहिले बक्षीस, म्हणजे जॅकपॉट, लागण्याची शक्यता त्यामुळे १७,५२,२३,५१०मध्ये एक होती ती २९,२२,०१,३३८मध्ये एक इतकी खाली आली. आता एका सोडतीला दोन कोटी तिकिटे खपतात आणि आकडे स्वैर निवडले जातात असे धरले, तर जुन्या नियमांनी जॅकपॉट कोणालाच न लागण्याची शक्यता सुमारे ८९ टक्के येते आणि नव्या नियमांनी सुमारे ९३ टक्के. चार टक्क्यांचा हा फरक किरकोळ वाटतो. पण याच गृहीतकावर लागोपाठ वीस सोडती जॅकपॉटविना जाण्याची शक्यता काढली, तर ती जुन्या नियमांनी जेमतेम १० टक्के भरते आणि नव्या नियमांनी २५ टक्क्यांच्या वर जाते. रक्कम साठत साठत प्रचंड होण्याची, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर जाण्याची आणि एरवी कधीही तिकीट न घेणाऱ्यांनाही दुकानापुढच्या रांगेत उभे करण्याची शक्यता अशा रीतीने अडीचपट झाली. बदलानंतर अवघ्या तीन महिन्यांत, १३ जानेवारी २०१६च्या सोडतीत, या खेळाचा जॅकपॉट १.५८६ अब्ज डॉलरवर पोहोचला. त्यापूर्वी अमेरिकेतील कोणत्याही जॅकपॉटने एक अब्जाचा टप्पा गाठलेला नव्हता. नोव्हेंबर २०२२मध्ये तो २.०४ अब्जांवर गेला. हा दैवयोग नव्हता. नियम बदलताना जे साधायचे होते ते साधले गेले.

वरच्या हिशेबात दोन गोष्टी मुद्दाम सोप्या ठेवल्या आहेत. जॅकपॉट वाढू लागला की विक्री वाढते, म्हणून दोन कोटींचा आकडा स्थिर राहत नाही. आणि माणसे आकडे स्वैर निवडत नाहीत, तर वाढदिवसांच्या तारखांमुळे ३१च्या आतल्या आकड्यांवर गर्दी करतात, त्यामुळे अनेक संयोजने कोणीच न घेतलेली राहतात आणि जॅकपॉट पुढे ढकलला जाण्याची शक्यता आणखी वाढते. रचनाकाराचे सॉफ्टवेअर या दोन्ही गोष्टी हिशेबात धरू शकते. तसे झाले की खरेदीदाराची सवय हीसुद्धा समीकरणातील एक राशी होऊन बसते, आणि त्या खरेदीदाराला आपण राशी झालो आहोत याची गंधवार्ताही नसते.

पॉवरबॉलमधील या बदलाचे समर्थन मात्र वेगळ्याच आकड्याने केले गेले, आणि तो आकडा खरा होता. कोणते ना कोणते बक्षीस लागण्याची एकूण शक्यता ३१.८५मध्ये एक होती ती २४.८७मध्ये एक झाली, म्हणजे जिंकणे सोपे झाले, असे सांगण्यात आले. या सुधारणेची फोड केली की तिचे खरे स्वरूप कळते. लाल चेंडू ३५ऐवजी २६ झाल्याने नुसता लाल चेंडू जुळण्याची शक्यता ५५.४१मध्ये एकवरून ३८.३२मध्ये एकवर आली. लाल चेंडू आणि एक पांढरा चेंडू जुळण्याची शक्यताही थोडी वाढली. आणि या दोन्हींचे बक्षीस चार डॉलर, म्हणजे दोन तिकिटांच्या किमतीएवढे आहे. याउलट तीन पांढरे चेंडू जुळून सात डॉलर मिळण्याची शक्यता ३६०मध्ये एकवरून सुमारे ५८०मध्ये एकवर घसरली, चार पांढऱ्या चेंडूंच्या शंभर डॉलरांची १९ हजारांत एकवरून साडेछत्तीस हजारांत एकवर गेली, आणि पाचही पांढरे चेंडू जुळून दहा लाख डॉलर मिळण्याची शक्यता ५१,५३,६३२मध्ये एक होती ती १,१६,८८,०५३मध्ये एक होऊन निम्म्याहूनही खाली आली. चार पांढरे आणि लाल अशा जुळणीचे बक्षीस दहा हजारांवरून पन्नास हजारांवर नेले गेले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परंतु एकूण शक्यतेत जी काही वाढ झाली ती सगळीच्या सगळी चार डॉलरांच्या बक्षिसांत झाली. चार डॉलर मिळालेला माणूस आपण जिंकलो असे मानतो आणि बहुधा त्याच पैशांची पुन्हा दोन तिकिटे घेतो. प्रत्येक आकडा खरा असूनही एकत्रित चित्र फसवे असू शकते, याचे यापेक्षा नेमके उदाहरण संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडेल.

ही वाट एकट्या पॉवरबॉलची नव्हे. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीने ऑक्टोबर २०१५मध्येच आकडे ४९वरून ५९ केले, तेव्हा जॅकपॉटची शक्यता १,३९,८३,८१६मध्ये एकवरून ४,५०,५७,४७४मध्ये एक इतकी झाली, आणि जानेवारी २०१६मध्ये जॅकपॉट ६.६ कोटी पौंडांच्या विक्रमावर गेला. अमेरिकेतीलच मेगा मिलियन्स या खेळाने २०१७ साली २५.९ कोटींत एक ही शक्यता ३०.३ कोटींत एकवर नेऊन तिकीट एका डॉलरचे दोन डॉलर केले, आणि एप्रिल २०२५मध्ये एक सोनेरी चेंडू कमी करून तिकिटाची किंमत पाच डॉलरवर नेली. वेगवेगळ्या खंडांतील मंडळे एकाच दिशेने सरकली, यात नवल काहीच नाही. उद्दिष्ट एक असेल तर उत्तरेही सारखीच येतात.

न्याय्यतेचा दावा बहुतेक वेळा सरासरीच्या आधाराने केला जातो, म्हणून सरासरी काय लपवते हे पाहणे आवश्यक आहे. पॉवरबॉलच्या विक्रीतील निम्मी रक्कम बक्षिसांसाठी ठेवली जाते, म्हणजे दोन डॉलरच्या तिकिटामागे सरासरी एक डॉलर परत येतो. बक्षिसाची रक्कम आणि ते लागण्याची संभाव्यता यांचा गुणाकार करून सर्व बक्षिसांची बेरीज केली की जी संख्या मिळते तिला अपेक्षित मूल्य म्हणतात. मात्र ती अपेक्षा कोणत्याही एका माणसाची नसते. या एका डॉलरपैकी सुमारे ६८ सेंट जॅकपॉटमध्ये जातात, साडेआठ सेंट दहा लाखांच्या बक्षिसात आणि साडेपाच सेंट पन्नास हजारांच्या बक्षिसात जातात. उरतात अठरा सेंट. आता आठवड्यातील तिन्ही सोडतींना एकेक तिकीट याप्रमाणे पन्नास वर्षे खेळणाऱ्या माणसाचा विचार केला, तर तो सुमारे ७,८०० तिकिटे घेईल आणि १५,६०० डॉलर खर्च करील. एवढ्या दीर्घ निष्ठेनंतरही त्याला जॅकपॉट लागण्याची शक्यता सदतीस हजारांत एक, दहा लाख मिळण्याची दीड हजारांत एक आणि पन्नास हजार मिळण्याची एकशे सतरांत एक असते. म्हणून अशा शंभर माणसांपैकी नव्याण्णवांच्या हाती पन्नास वर्षांत मिळून सुमारे चौदाशे डॉलर परत येतात. सर्व मूल्ये चढत्या क्रमाने मांडून मधले मूल्य घेतले की त्याला मध्यक म्हणतात. येथे सरासरी पन्नास टक्के परतावा दाखवते आणि मध्यक नऊ टक्के. पहिला आकडा मंडळाच्या अहवालात असतो. दुसरा काढायला तेच सॉफ्टवेअर तितक्याच तत्परतेने उपयोगी पडेल, पण तो छापला जात नाही.

बक्षीस जितके दुर्मीळ तितका त्यावरील परतावा निकृष्ट ठेवायचा, ही क्लृप्ती संगणकाने शोधलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. जिनोव्हाच्या धर्तीवरील लॉटरीत ९० आकड्यांतून ५ काढले जात, आणि प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १७४९ साली अशा लॉटरीचा प्रस्ताव तपासण्यासाठी लिओनार्ड ऑयलर या श्रेष्ठ गणितज्ञाकडेच धाडला होता. फ्रान्समध्ये १७५८ पासून चाललेल्या त्याच प्रकारच्या लॉटरीत, जिच्या उभारणीत कॅसानोव्हाचाही हात होता, एक आकडा जुळल्यास पैजेच्या १५ पट रक्कम मिळे, तर न्याय्य दर १८ पट होता. दोन आकड्यांना न्याय्य ४००.५ पटींऐवजी २७० पट, तीन आकड्यांना ११,७४८ पटींऐवजी ५,५०० पट आणि चार आकड्यांना ५,११,०३८ पटींऐवजी केवळ ७५,००० पट मिळत. शंभरातले परत येणारे भाग अनुक्रमे ८३, ६७, ४७ आणि १५ असे घसरत जातात. ही फ्रेंच लॉटरी १८३६ साली बंद करण्यात आली. परंतु त्या काळी दरांचे कोष्टक उघड असे, आणि ज्याला भागाकार येत होता त्याला राज्याचा वाटा काढता येत होता. ती समता आज उरलेली नाही. जॅकपॉट साठत जाणाऱ्या खेळात तिकिटाचे मूल्य प्रत्येक सोडतीला बदलते, ते इतर किती लोक खेळतात आणि कोणते आकडे घेतात यावर अवलंबून असते, बक्षीस वाटून घ्यावे लागण्याची शक्यता वेगळी मोजावी लागते, आणि जाहिरातीतील रक्कम अनेक वर्षांच्या हप्त्यांची बेरीज असते, एकरकमी हाती येणारी नव्हे. हा हिशेब एका बाजूला प्रणालींच्या साहाय्याने आणि दुसऱ्या बाजूला अंदाजाने केला जातो. सॉफ्टवेअरने आणलेला खरा बदल हा आहे, आणि समर्थक नेमका त्याचाच उल्लेख टाळतात.

सुरक्षिततेच्या दाव्याबाबत समर्थकांना थोडी सवलत देणे न्यायाचे होईल. हाताने केलेल्या आखणीत घोडचुका होत आणि त्या सरकारांना महाग पडत. १७२९च्या सुमारास व्होल्तेर आणि ला काँदामीन यांनी पॅरिसमधील सरकारी रोख्यांच्या सोडतीतील अशीच एक चूक हेरून स्वतःचे भाग्य उजळून घेतले. असे प्रमाद संगणक आधीच पकडतो, हे तत्त्वतः बरोबर आहे. प्रत्यक्षात मॅसॅच्युसेट्स राज्याचा कॅश विनफॉल हा खेळ २००४ पासून २०१२च्या आरंभापर्यंत चालला, आणि त्याच्या रचनेतील पळवाट मिशिगनमधील एका निवृत्त दांपत्याने आणि एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी साध्या हिशेबाने शोधून काढली. या खेळात ४६ आकड्यांतून ६ निवडायचे असत, आणि जॅकपॉट वीस लाख डॉलरच्या पुढे जाऊनही कोणाला लागला नाही तर साठलेली रक्कम खालच्या बक्षिसांत वाटली जाई. अशा वाटपाच्या दिवशी दोन डॉलरच्या तिकिटाचे अपेक्षित मूल्य दोन डॉलरहून जास्त होई, म्हणून हे गट त्या दिवसांसाठी लाखो डॉलरची तिकिटे घेत. राज्याच्या महानिरीक्षकांनी २०१२ साली दिलेल्या अहवालातून दिसले की लॉटरी अधिकाऱ्यांना या घाऊक खरेदीची वर्षानुवर्षे कल्पना होती. त्यांनी ती थांबवली नाही याचे कारण गणितातच आहे: राज्याचा वाटा विक्रीच्या प्रमाणात ठरलेला असल्याने राज्याचा तोटा होत नव्हता, उलट विक्री वाढत होती. वाटपाच्या दिवशी उधळली जाणारी रक्कम ही आधीच्या आठवड्यांत साध्या खरेदीदारांनी जॅकपॉटच्या आशेने भरलेली रक्कम होती. रचना तिजोरीसाठी सुरक्षित होती. ती खरेदीदारासाठीही सुरक्षित आहे असे मानणे हीच चूक होती.

खरवडण्याच्या तिकिटांत, म्हणजे ज्यांवरील रुपेरी थर नाण्याने खरवडायचा असतो त्या तिकिटांत, सॉफ्टवेअरचा हस्तक्षेप आणखी खोल असतो. विजेत्या तिकिटांची संख्या आधी ठरवून त्याबरहुकूम तिकिटे छापावी लागतात, म्हणून त्यांवरील आकडे स्वैर दिसले तरी स्वैर नसतात. टोरांटोतील संख्याशास्त्रज्ञ मोहन श्रीवास्तव यांनी २००३ साली ऑन्टारिओच्या फुली-गोळ्याच्या तिकिटावर दाखवून दिले की उघड्या दिसणाऱ्या आकड्यांपैकी जे एकदाच येतात त्यांच्या मांडणीवरून, थर न खरवडताच, विजेते तिकीट ओळखता येते. त्यांनी न खरवडलेली वीस तिकिटे हरणारी आणि जिंकणारी अशी विभागून लॉटरी महामंडळाकडे पाठवली आणि त्यांतील एकोणीस बरोबर निघाली. खेळ बाजारातून मागे घेण्यात आला. यादृच्छिकतेचा देखावा निर्माण करणे आणि यादृच्छिकता निर्माण करणे यांतील अंतर प्रणालीने बुजवले नव्हते, तर नजरेआड केले होते. संगणक लाच खात नाही, या विधानाची परीक्षा तर एडी टिप्टन याच्या खटल्यातच झाली. अनेक राज्यांच्या संयुक्त लॉटरी संघटनेत माहिती-सुरक्षेचे प्रमुखपद सांभाळणाऱ्या या गृहस्थाने सोडतीचे आकडे काढणाऱ्या प्रणालीत असा मजकूर घुसवला होता की वर्षातील ठरावीक तीन तारखांना, विशिष्ट वार आणि वेळ जुळल्यास, येणाऱ्या आकड्यांचा अंदाज आधी बांधता यावा. २०१७ साली त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला पंचवीस वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. संगणकाने लाच घेतली नाही हे खरेच, परंतु त्याला सूचना देणाऱ्या माणसाचा लोभ त्याने इमानेइतबारे राबवला.

समर्थकांचा सर्वांत बळकट मुद्दा मात्र याहून वेगळा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. खरेदीदार अपेक्षित मूल्य विकत घेत नसतो, तो दोन-तीन दिवसांची आशा विकत घेत असतो. चित्रपटाच्या तिकिटावर परतावा कोणी मागत नाही, मग लॉटरीच्या तिकिटावर का मागावा, असे ते विचारतात. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स क्लॉटफेल्टर आणि फिलिप कुक यांनी १९८९ साली या विषयावर लिहिलेल्या ग्रंथाचे नावच आशेची विक्री सुचवणारे आहे, आणि आशेला मूल्य असते हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा मुद्दा मान्य केला की तटस्थ गणिताचा मुद्दा आपोआप सोडावा लागतो. विकायची वस्तू आशा असेल, तर सॉफ्टवेअर ज्याची मात्रा ठरवते ती आशाच होय. मग चार डॉलरांची बक्षिसे वाढवणे, दहा लाखांची शक्यता निम्मी करणे आणि जॅकपॉट लांबवणे हे सारे निर्णय माणसाच्या समजुतीतील उणिवांवर बेतलेले ठरतात, कारण सतरा कोटींत एक आणि एकोणतीस कोटींत एक यांतील फरक मनाला जाणवत नाही, पण दहा कोटी डॉलर आणि शंभर कोटी डॉलर यांतील फरक तत्काळ जाणवतो. शिवाय चित्रपटाचा प्रेक्षक तिकीट काढून नुकसान भरून निघेल या आशेने पुढच्या खेळाला जात नाही. खेळ निव्वळ करमणूक असेल, तर त्या करमणुकीची खरी किंमत, म्हणजे मध्यम खरेदीदाराचा वार्षिक तोटा, तिकिटावर छापायला हरकत कोणती, याचे उत्तर या युक्तिवादात मिळत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. राज्याची लॉटरी १९६९ साली सुरू झाली ती मटक्याच्या भरभराटीच्या काळात, आणि लोकांना बेकायदा आकड्यापासून दूर ठेवणारा कायदेशीर पर्याय म्हणूनच तिचे समर्थन केले गेले. मटक्यात एकेरी आकड्याला साधारणपणे नऊपट भाव मिळे. दहा आकड्यांच्या खेळात न्याय्य भाव दहापट, म्हणजे बुकीचा वाटा शंभरास दहा. निम्मी रक्कम राखून ठेवणारा कोणताही सरकारी खेळ या निकषावर मटक्यापेक्षा महाग ठरतो. हे मटक्याचे समर्थन नव्हे, कारण तिथे निकालाची हमी नव्हती, दाद मागायला जागा नव्हती आणि पैसा कोठे जातो हे विचारण्याची सोय नव्हती. परंतु कायदेशीर असणे म्हणजे खरेदीदाराला अनुकूल असणे, हे समीकरण किती पोकळ आहे ते त्यावरून कळते. संसदेने १९९८ साली केलेल्या लॉटरी नियमन कायद्याने एकेरी आकड्यावर बक्षीस देण्यास मनाई केली, म्हणजे मटक्याच्या बाह्यरूपाला बंदी घातली. बक्षिसांची वाटणी किती विषम असावी, याविषयी मात्र त्या कायद्यातील अटी काही बोलत नाहीत. कागदी तिकिटांच्या लॉटरीत तिकिटांची संख्या मर्यादित असल्याने हे मौन फारसे बोचत नव्हते. आकडे निवडण्याचे ऑनलाइन खेळ आले आणि आखणी सॉफ्टवेअरकडे गेली, तेव्हा याच मौनाचा लाभ आखणाऱ्याला मिळू लागला.

गणिती सॉफ्टवेअर लॉटरीच्या आखणीतून हद्दपार करावे, अशी मागणी येथे नाही. तशी मागणी अव्यवहार्य तर आहेच, शिवाय ती चुकीच्या आरोपीला शिक्षा देणारी आहे. मागणी इतकीच की जो खेळ सरकारच्या नावाने विकला जातो त्याच्या आखणीतील उद्दिष्ट फल, विक्रीविषयीची गृहीतके आणि कृत्रिम सोडतींचे निष्कर्ष हे व्यापारी गुपित मानले जाऊ नयेत. योजना जाहीर करताना राज्य सरकारे तिकिटाची किंमत आणि बक्षिसांची रचना राजपत्रात छापतातच. त्या कोष्टकाखाली आणखी एक ओळ छापणे विधिमंडळाने बंधनकारक करावे: वर्षभर प्रत्येक सोडतीला एक तिकीट घेणाऱ्या शंभर जणांपैकी बरोबर मधल्या माणसाच्या हाती वर्षअखेर किती रुपये परत येतात. ज्या सॉफ्टवेअरने खेळ आखला त्याला ही ओळ काढायला काही सेकंद पुरतात.